दिवा उजळेपर्यंत

दादाला जाऊन महिना उलटला, तरी सकाळी फोन वाजला की उचलायला नको वाटतं. त्या दिवशी असाच वाजला. अनोळखी दुकानदार होता. "ताई, तुमचे भाऊ उन्हाने चक्कर येऊन इथे खुर्चीवर बसलेत... जरा लवकर या." मी वाघोलीहून निघाले, पण रस्ता संपेचना. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. त्याच्या पिशवीत प्रोजेक्शन टीव्हीचा दिवा होता.

या काळात असला टीव्ही कोण ठेवतं? बिबवेवाडीतल्या छोट्या घरात कपाटाएवढं ते धूड दादाने हट्टाने ठेवलं होतं. वहिनीची नजर अधू होत गेली. नव्या सपाट टीव्हीचा उजेड तिच्या डोळ्यांत खुपायचा. या मोठ्या, मऊ पडद्यावर मात्र तिला माणसांचे चेहरे कळायचे. पण पडद्यावर चित्र टाकणारा आतला दिवा काही वर्षांत मंदावतो. "आज सगळे सावळे दिसतायत," असं वहिनी म्हणाली की दादाला घरात चैन पडायची नाही. दिवे बनणं बंद झालेलं. एकदा नकली दिवा आणला, तो फटाक्यासारखा फुटला आणि वहिनी कितीतरी दिवस टीव्हीपासून लांब बसली. मग दादा चांगला दिवा काढून घेता येईल अशा जुन्या टीव्ही संचांच्या शोधात हिंजवडीपर्यंत भटकला. मी वैतागून म्हटलं, "अरे, नवा टीव्ही घे ना!"

"घेतो. नवे डोळे कुठे मिळतात, तेवढं विचारून ठेव."

त्या उन्हात तो दिव्यासाठी गेला नसता तर... हे मनातून जाईना. शेवटी वहिनीपाशी बोलले. ती शांतपणे म्हणाली, "घरात बसवून ठेवलं असतं, तर आधीच गेले असते. तुझा भाऊ बसणारा होता का?"

गेल्या रविवारी तिनेच पिशवी पुढे केली. "बसव." दादाने एकदा मला मदतीला धरलं होतं, तेवढीच माहिती. प्लग काढला, काचेला बोट लागू न देता फडक्याने दिवा धरला.  एक स्क्रू सोफ्याखाली गेला. अखेर झाकण लावलं आणि टीव्ही सुरू केला. पडदा काळाच. हे दिवे तापून उजळायला वेळ घेतात.

"बोल," वहिनी म्हणाली.

"काय बोलू?"

"उजेड येईपर्यंत ते बोलायचे. भाजीवाल्याचं, खालच्या मजल्यावरच्या भांडणाचं... अंधारात मला एकटीला बसू द्यायचे नाहीत."

 मग मी आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून दोन शेजारणींची कशी जुंपली, ते सांगायला लागले. हळूहळू पडदा उजळला, चेहरे उमटले. मी गप्प झाले.

वहिनी पडद्याकडे बघतच म्हणाली, "पुढे? ते कधी अर्धवट सोडत नसत."