हात लावण्याआधी

कळंबला माझे वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा सरकारी योजनेतली एक बाई रोज सकाळी त्यांचं अंग पुसायला यायची. आधी तळहात एकमेकांवर चोळायची. ते गरम झाले की मगच म्हणायची, "आबा, हात लावते हं."

एकदा सांगत होती, "पुण्यात दुसऱ्याच्या आईला सांभाळत व्हते. हितं काम निघालं, तवा माझ्या आईपाशी आले बघा."

मग योजना बंद झाली. वरून मुदतवाढीचा कागद आला नाही, एवढंच कारण. ती परत पुण्याला गेली.

आता वडलांना मी पुसतो. परवा मी तळहात चोळले. आवाज ऐकून त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "बाई, तुझी आई बरी हाय का?"