अठरा वर्षं, दोन महिने

सिस्टरनं बावीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढली. तिथं माणसाच्या नजरेला एक वळण लागतं. पेशंट समोर असायचा, पण सिस्टर बोलायची ती त्याच्या डोक्यावरून, मागं उभ्या असलेल्या आईशी. पुढं तिनं कॉलेजच्या दवाखान्यात नोकरी धरली. खोली नवी, दोन खाटा नव्या. पण जित्याची खोड कुठली जायला! पहिल्याच आठवड्यात दाराच्या चौकटीला डोकं टेकेल असा एक गडी अंगात ताप घेऊन आला, तर ही विचारते, "आई कुठाय रे तुझी?"

"घरी. बोलावू? अंगाई म्हणायला?"

सिस्टरही हसली. पण आता विचारायचं कुणाला, ते मात्र तिला उमजेना.

मग पहिल्या वर्षाची एक मुलगी जिन्यात चक्कर येऊन पडली. सारखं काहीतरी कुरतडते म्हणून मैत्रिणी तिला खारूताई म्हणत. ते कुरतडणंच तिचं जेवण. सहा महिन्यांत सात किलो वजन उतरलेलं, झोप जेमतेम चार तास, अन् परीक्षेचं नाव काढलं की हात थरथरायचे. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, तर तिनं हात मागं घेतला.

"आधी वचन द्या. आईला कळवायचं नाही. ती मला उचलून घरी नेईल. मग संपलं माझं कॉलेज."

"नाही कळवत," सिस्टर म्हणाली, अन् कागदावरचं वय पाहत बसली. अठरा वर्षं, दोन महिने. कणीस भरलंय म्हणावं, तर दाण्यात अजून दूध.

रक्त उद्या देते म्हणून पोर गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आधी आईचा फोन आला. "सिस्टर, कॉलेजातनं तुमचा नंबर घेतला. पोरीचा आवाज खोल गेलाय हो. बरी आहे ना?"

आईचा आवाज कानी पडला आणि बावीस वर्षांची जीभ आपोआप हलली. "वजन फार उतरलंय तिचं."

संध्याकाळी खारूताई रक्त द्यायला दवाखान्यात आली, तर आई आधीच हजर. रिकामी बॅग घेऊनच आलेली.

"चल, कपडे भर."

खारूताईनं आईकडं पाहिलंच नाही. ती सिस्टरकडं पाहत होती. सिस्टरला वाटलं, खाटेखाली शिरावं.

"आई, मी येत नाही. दोन वेळा जेवीन. डॉक्टर म्हणतील त्या समुपदेशक मॅडमशी बोलायलाही जाईन. पण इथंच राहून."

"आणि नाही जेवलीस तर?"

"तर मीच फोन करीन तुला. ह्या नाहीत."

आई बाकावर बसली. बराच वेळ बॅगेची चेन उघडत मिटत राहिली. शेवटी म्हणाली, "महिनाभर बघते," आणि एकटीच निघाली.

खोलीत दोघीच उरल्या. आपण वचन मोडलं की पोर वाचवली? सिस्टरच्या डोक्यात नुसता गुंता.

"पुन्हा असंच कराल?" पोरीनं विचारलं.

"खोटं कशाला बोलू? मला ठाऊक नाही गं."

पोर स्टूल ओढून बसली, बाही कोपराच्या वर सारली आणि म्हणाली, "घ्या रक्त. पण रिपोर्ट माझ्या हातात द्यायचा."