मचाणावरची हाळी

परभणी जिल्ह्यात पक्षी पाहण्याच्या मचाणावर चढायला बंदी असलेला विज्ञान शिक्षक बहुधा मी एकटाच. बंदी लेखी नाही, पण तिथला चौकीदार मला फाटकातच ओळखतो आणि नकारार्थी मान हलवतो.

त्या हिवाळ्यात माय जाऊन चार महिने झाले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, ती गेल्यावर लगेच चारठाण्याजवळचं गाव सोडून जिंतूरला आमच्याकडं राहायला आले आणि आल्यापासून त्यांनी बोलणंच सोडलं. भांडण नाही, रुसवा नाही. काही विचारलं तर मान हलवायची, ताट पुढं केलं तर चार घास खायचे आणि भिंतीकडं तोंड करून बसायचं. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही, पण माणूस असाच मिटत गेला तर माझं औषध काय करणार? मोकळ्या हवेत न्या." मी मनातून फार घाबरलो होतो. आई गेलीच होती, आता वडीलही डोळ्यांदेखत चालले होते.

म्हणून तळ्याकाठचं निसर्ग उद्यान! कल्पना अर्थातच माझी. (पक्षी हा धडा मी दरवर्षी शिकवतो. प्रत्यक्षात कावळा, चिमणी आणि कोंबडी एवढेच खात्रीनं ओळखतो.) एका सहकाऱ्याची दुर्बीण मागून आणली, पक्ष्यांचं पुस्तक घेतलं आणि रविवारी सकाळी अण्णांना गाडीत बसवलं.

"मामांना एवढं चालवणार का तुम्ही?" सुनंदानं, माझ्या बायकोनं, सासऱ्यांच्या काळजीनं विचारलं.

"अगं, चाललं की भूक लागते, भूक लागली की माणूस बोलतो."

"तुम्ही तर न चालताही बोलता."

तिघंही तळ्याच्या काठाकाठानं निघालो. पहिल्याच वळणावर मला पांढराशुभ्र बगळा दिसला. मी दुर्बीण लावून दहा मिनिटं त्याच्या ध्यानस्थ वृत्तीवर व्याख्यान दिलं. मग वारा आला आणि बगळा पसरला. खताचं रिकामं पोतं होतं ते! एरवी या पोत्यावर अण्णांनी आठवडाभर माझी टर उडवली असती. आता ते नुसते पाण्याकडं बघत उभे राहिले. मला हसूही येईना.

मग पुस्तकातल्या चित्राशी जुळणारे दोन तांबूस पक्षी दिसले.

"अण्णा, हे बघा चक्रवाक! यांची जोडी जन्मभर एकमेकांना सोडत न्हाई..."

सुनंदानं दंडाला असा चिमटा काढला, की दुर्बीण पाण्यात पडता पडता वाचली. सावरून घ्यायला मी म्हणालो, "म्हंजे, काही काही एकटेबी राहतात. चांगले राहतात." (पुस्तकात असं एक अक्षर नव्हतं.) अण्णांनी खांद्यावरचा गमछा डोळ्यांपर्यंत नेला आणि पुढं चालायला लागले. तळ्यात उडी मारावी असं मला वाटलं, पण तिथं पाणी गुडघाभरच होतं.

शेवटी मचाण आलं. चार खांब, शिडी आणि खाली पाटी: 'शांतता राखा'. अण्णा माझ्याआधी वर चढले, मागोमाग मी आणि सुनंदा. वर पुण्याहून आलेले तिघं फोटोवाले पहाटेपासून दबा धरून बसले होते. "भोरड्यांचा थवा येणार आहे," त्यातला एक कुजबुजला, "श्वाससुद्धा हळू घ्या."

आता भोरडी म्हणजे काय हे पुण्याच्या माणसाला आणि मला वेगवेगळं माहीत आहे. त्याच्या लेखी तो परदेशातून येणारा गुलाबी पाहुणा. आमच्या लेखी ती पक्षी नव्हेच, हुरड्यात आलेल्या ज्वारीवरची धाड! माझं सगळं लहानपण असल्याच मचाणावर गेलं. थवा आला की ओरडायचं, नाहीतर वर्षाची भाकरी पाखरांच्या पोटात.

आणि थवा आला. आभाळ काळं झालं. हजारो भोरड्या भर्रकन वळल्या आणि उद्यानाच्या कुंपणापलीकडं, कुणाच्या तरी टपोऱ्या ज्वारीच्या दिशेनं उतरायला लागल्या. कॅमेरे सरसावले. तेवढ्यात कुणीतरी उभं राहून बोंबललं,

"हाऽऽऽ हाऽऽऽ! हुर्र्र्र हाऽऽऽ!"

तो मीच होतो, हे मला सगळे कॅमेरे माझ्याकडं वळल्यावर कळलं. भोरड्या गेल्या. बदकं गेली. चक्रवाकाचं जोडपं गेलं. तळ्यावर फक्त पोतं उरलं. मचाणावर मात्र पाटीप्रमाणे कडक शांतता होती.

चौकीदार शिडीखाली धावत आला. "कोन वरडलं? कोन हाय त्यो?"

मी खाली मान घालून पुस्तक चाळायला लागलो. फोटोवाले रागारागानं कॅमेऱ्यांत काही उरलंय का ते बघत होते. आणि मागून आवाज आला,

"ह्यो. ह्यो वरडला."

अण्णा! चार महिन्यांनी पहिला शब्द, आणि तोही पोटच्या पोराविरुद्ध! सुनंदा रडायला लागली. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "हो, मीच! मीच वरडलो!" इतक्या आनंदानं गुन्हा कबूल करणारा माणूस चौकीदारानं पाहिला नसावा.

"मास्तर हाव ना तुमी? पोरायला हेच शिकवताव का?"

"त्याला कुठं येतंय वरडाया?" अण्णा म्हणाले. "असं वरडतेत का? सम्दा घसा फाटलेला. ह्याची माय हाळी द्यायची तं पल्याडच्या शिवारातली पाखरं उठायची. मी मोट धरल्याली आसायचो, मला ऐकू यायचं. लय ग्वाड आवाज होता तिचा..."

आणि मचाणाच्या फळीवर बसून अण्णा मोकळे होऊन रडले. माय गेल्यावर पहिल्यांदाच. पुण्याच्या माणसानं कॅमेरा खाली ठेवला आणि त्यांना पाण्याची बाटली दिली.

त्या दिवशी घरी येऊन अण्णा दोन भाकरी जेवले. सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. अजूनही मधूनच ते भिंतीकडं तोंड करून बसतात. मग सुनंदा मला खुणावते. मी गच्चीवर जातो, हात तोंडाशी नेतो आणि जीव खाऊन हाळी देतो. शेजारी खिडक्या लावून घेतात. खालून अण्णा वैतागून ओरडतात, "न्हाई! न्हाई जमायलं! तुझी माय कशी वरडायची, आईक..." आणि बोलत सुटतात. एवढ्या सरावानं सुधारणा होऊन त्यांचं बोलणं थांबू नये, याची काळजी घ्यावी लागेल असं वाटलं होतं, पण अजून तशी वेळ आलेली नाही. टाकीवरचा कावळासुद्धा जागचा हलत नाही.