काहीच न करणारा पाट

धर्माजीकाका दुकानाची पायरी चढताना दिसले की मी आधी भंगाराचा खोका काउंटरखाली सरकवतो. शिळफाट्यावर माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे आणि त्यात नव्या मालापेक्षा जळक्या, मोडक्या, कुणी दुरुस्तीला टाकून विसरून गेलेल्या वस्तूंचाच पसारा जास्त. काकांना नेमका तोच लागतो. "नवनाथ, जुना टायमर हाय का रं?" म्हणत ते खोक्यात हात घालणार, तासभर उचकापाचक करणार आणि मी टाकून द्यायला ठेवलेली वस्तू हिरा सापडल्यासारखी घरी नेणार. मी चिडतो. माझा स्वभावच तसा आहे. पण काकांवर चिडून उपयोग नसतो, कारण नको असलेलं त्यांना ऐकूच येत नाही. एकतीस वर्षं मशिनच्या आवाजात काढलेला माणूस.

खोपोलीच्या एका कागद कारखान्यात ते फिटर होते. कारखाना बंद पडून दहा वर्षं झाली, तरी काकांच्या शर्टाच्या खिशात आजही टेस्टर असतो. बायको येसूबाई वारल्या. मुलगा प्रबुद्ध ट्रेलरवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. उरले तीन जण: काका, सून उज्वला आणि दुसरीतली नात हर्षला. उज्वला कुंभिवलीच्या कंपनीत कामाला लागली तसा स्वयंपाक काकांनी हातात घेतला. सासरा सुनेला भाकरी थापून घालतो म्हणून गल्ली हसली. काका म्हणाले, "बॉयलरपाशी जल्म गेला माजा, चुलीला भिऊ व्हय?" गल्ली गप्प झाली. मी माझ्या बायकोपुढे हा विषय काढत नाही.

उज्वलाचं काम झाकणं तपासायचं. बाटल्यांची झाकणं पट्ट्यावरून येत राहतात. बरं असेल ते उजवीकडे, वाकडं असेल ते डावीकडे. मिनिटाला चाळीस. सकाळी सातला पट्ट्यापाशी उभी राहायची ती ओव्हरटाइम धरून संध्याकाळी सातला सुटायची. असं दोन वर्षं. तिचे हात आधी दुखायला लागले, मग थरथरायला लागले. झोपेत बोटं चालायची. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. विहारातल्या एका ताईंनी सांगितलं, दहा दिवस विपश्यनेला जाऊन ये. उज्वला हसली म्हणे. जिथे लघवीला जायचं तर बदलीला बाई शोधावी लागते, तिथे दहा दिवसांची रजा कोण देणार? अशा सल्ल्यांचा मला फार राग येतो. सांगणाऱ्याचं काय जातं?

तरीही काका इतके दिवस धीर धरून होते. त्यांचा धीर सुटला तो एका चित्रामुळे.

उज्वला कामावरून येऊन जेवायला बसली होती. हर्षलाने शाळेत काढलेलं चित्र आणून आईच्या हातात दिलं. उज्वलाने ते घेतलं, एक क्षण पाहिलं आणि ताटाच्या डावीकडे ठेवलं. मग पुढच्यासाठी हात पुढे केला. पुढचं काही नव्हतंच. हात तसाच हवेत राहिला. पोरीने आईच्या हाताकडे पाहिलं, डावीकडच्या चित्राकडे पाहिलं. डावीकडे काय जातं हे तिला माहीत होतं, आईनेच कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं. तिने चित्र उचललं आणि आत निघून गेली. रडलीसुद्धा नाही.

हे मला सांगताना काकांच्या डोळ्यांना धार लागली होती. "त्या दिसापास्न पोरगी आईला काय दाखवत नाय. वही बी मलाच दाखवती. नवनाथ, उज्वलाच्या हातातनं तो पट्टा कसा काढायचा रं? घरी येती ती, पन पट्टा घेऊनच येती. असंच चाललं तर पोरीला आई ऱ्हायची नाय."

मी त्यांना चहा पाजला.

कंपनीलाही कामगारांच्या मनाची काळजी वाटू लागली होती, हे विशेष. पुण्याहून दोघं तरुण आले आणि गेटपाशी एक स्क्रीन लावून गेले. त्यावर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. 'आज तुम्हाला कसं वाटतंय?' जाताना एका चेहऱ्यावर बोट ठेवायचं. शेजारी सुपरवायझर उभा. सगळ्या बायका हसऱ्या चेहऱ्यावर बोट आपटून पळायच्या, कारण बाहेर कंपनीची गाडी सुटत असायची. महिनाभराने नोटीस लागली की आपले सत्त्याण्णव टक्के कामगार आनंदी आहेत. उज्वलाने हे घरी सांगितलं तेव्हा काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दुकानात हजर.

"कल्पना चांगली हाय रं," ते म्हणाले, "पन त्या मशिनला सबूर नाय. मानसाला इचारायचं तर थांबाया नको?"

मग पंधरा दिवस माझ्या खोक्याची लूट झाली. जुने रिले, टायमर, पॅनेलवरचे सात छोटे दिवे, दोन स्विच, कुठल्यातरी मिक्सरची स्प्रिंग. काकांनी एक जेवायचा पाट घेतला. त्याच्या मधोमध हाताचा पंजा बसेल एवढी खोलगट पितळी ताटली स्प्रिंगवर बसवली आणि समोर दिव्यांची ओळ. ताटलीवर पंजा हलकासा ठेवून स्थिर राहिलं की थोड्या वेळाने पहिला दिवा लागायचा. तसंच राहिलं की दुसरा. हात दाबला, हलवला, उचलला की सगळे विझायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. सातही लागायला जवळजवळ पाच मिनिटं.

"सात लागल्यावर काय होतं?" मी विचारलं.

"काय नाय."

"गाणं वगैरे?"

"काय नाय रं. लागतात, बास."

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगतो, तो पाट दिसायला देखणा होता. कडा कानशीने घासून मऊ केलेल्या, वायर कुठे दिसत नव्हती. फक्त एका कोपऱ्यात त्यांनी बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेला काउंटर बसवला होता, आकडे फिरणारा. सात दिवे पूर्ण झाले की आकडा एकाने वाढायचा. मशिन म्हटलं की काउंटर पाहिजेच, त्याशिवाय फिटरला ते अर्धवट वाटतं.

आणि तिथेच घोळ झाला.

उज्वलाला पाट आवडला. आठवडाभर ती रोज जेवण झाल्यावर त्याच्यापुढे बसू लागली आणि काका गल्लीभर आनंदात फिरले. आठव्या दिवशी ते दुकानात आले ते तोंड पाडून. सुनेने पहिल्या दिवशी दोन वेळा सात दिवे लावले होते. दुसऱ्या दिवशी चार. मग सहा. कालची गोष्ट म्हणजे हर्षला झोपायला बोलवत होती आणि ही म्हणाली, "थांब गं, नऊ झालेत, धा करते." पाठ ताठ, दात आवळलेले, डोळे त्या आकड्यावर. मध्ये दिवे विझले तर स्वतःलाच शिवी घालायची. पुढच्या रविवारचं टार्गेट तिने बारा ठरवलं होतं.

"मीच तिला घरात दुसरा पट्टा आनून दिला," काका म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "तुम्ही नाही तर काय! तो आकडा कशाला लावलात? तिला दिवसभर कोण मोजतं? घरी आल्यावर तुम्ही मोजता!"

एवढं मोठ्याने बोललो की समोरचा रसवाला बघायला लागला. काकांनी हातातला टेस्टर उलटसुलट फिरवला. मग म्हणाले, "काउंटर नसलं तर चाललं की नाय कसं कळायचं?" हे त्यांनी इतक्या निरागसपणे विचारलं की माझा राग उतरला. या माणसाला एकतीस वर्षांत कुणी दुसरं काही शिकवलंच नव्हतं. मी म्हणालो, "काका, नाही कळलं तर काय बिघडतं?"

घरी जाऊन त्यांनी काउंटर काढला. भोकावर लाकडाची खुंटी ठोकली आणि पॉलिश मारलं.

पहिले दोन दिवस उज्वला चिडली. किती झाले ते कळत नाही, मग करायचं कशाला? तिसऱ्या दिवशी ती जेवणाआधीच बसली, पाच मिनिटांनी सात दिवे लागले, आणि पुढे करण्यासारखं काही उरलं नाही. ना आकडा, ना उजवं, ना डावं. ती तशीच बसून राहिली. हात ताटलीवर, सातही दिवे लागलेले. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला तिने हात उचलला नाही, दिवे विझतील म्हणून. हर्षला दारात उभी राहून बघत होती. ती हळूच येऊन आईच्या पाठीला टेकून बसली. काका शेगडीकडे तोंड करून भाकरी थापत राहिले आणि त्या दिवशी तीन भाकऱ्या करपल्या.

आता कुणी म्हणेल, एका पाटाने दुःख गेलं. गेलं नाही. कंपनीतला पट्टा होता तसाच आहे, मिनिटाला चाळीसच. पण उज्वलाने रविवारचा ओव्हरटाइम घ्यायचं बंद केलं. सुपरवायझर बडबडला, तिने बडबडू दिलं. घरी आली की आधी हात धुते आणि पाटाशी बसते. दिवे कधी सात लागतात, कधी तीनवरच राहतात, कारण हर्षला मध्येच वही घेऊन येते आणि उज्वला हात उचलून वही घेते. सगळी पानं उलटते. एकेका पानावर थांबते. मला आनंद वाटतो तो याचा.

परवा पाटाचा एक दिवा जळाला. तो बदलायला मी दुकान बंद करून संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. दिवा बसवला. "काका, बघा चालतोय का," मी म्हणालो. काकांनी ताटलीवर हात ठेवला, पहिला दिवा लागला, हात उचलला. "चालतंय."

"मामा, पाचवा बदललाय," उज्वला सासऱ्यांना म्हणाली. "पाचवा लागू द्या."

काकांनी पुन्हा हात ठेवला. दुसरा दिवा लागेपर्यंत त्यांचं लक्ष कुकरकडे गेलं, हात हलला, दिवे विझले. पुन्हा ठेवला. बाहेर कुणाची मोटरसायकल थांबली, काका बघायला उठले. तिसऱ्या वेळी उज्वला त्यांच्याकडे निरखून बघत होती.

"मामा, तुमी कधी सातवा लावलाय?"

काका खिशातला टेस्टर चाचपायला लागले.

"बनवताना बघितलं नाय का, चालतो की नाय ते?"

"बघितलं की."

"कसं?"

"साखरेची पुडी ठेवली हुती वर," काका म्हणाले. "पाव किलोची."

मला हसू फुटलं. उज्वला हसली नाही. तिने उठून कुकरखालचा गॅस बंद केला, परत येऊन त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात मनगटाला धरून ताटलीवर ठेवला. काळा, जाड हात. दोन नखं कायमची गेलेली. तो हात तिथे हळूहळू स्थिरावला.

पहिला दिवा लागला. दुसरा लागला. तिसरा लागताना काका बोलायला लागले, दिव्यांकडे बघतच.

"तुजी सासू दवाखान्यात हुती तवा मी डबल ड्यूटी करत हुतो. सकाळी जाऊन उभ्या उभ्या बघून यायचो. खाटेवर जागा करून द्यायची ती, सरकून, मी बसावं म्हनून. मी म्हनायचो, येतो संद्याकाळी. अकरा दिस ती सरकून जागा करत हुती, उज्वला. मी एकदा बी बसलो नाय."

त्यांचा हात हलला आणि तिन्ही दिवे विझले. काकांनी हात मागे घ्यायला पाहिलं. उज्वलाने मनगट सोडलं नाही.

"असू द्या मामा," ती म्हणाली. "इझले तर इझले. परत पयल्यापास्न लागतात. बसा तुमी."

काका बसले.