बापूसाहेबांच्या गाडीची मागची सीट

बापूसाहेबांनी स्वतः मारून दिलेल्या खडूच्या रेघेवर दादूनं हॅक्सॉचं पातं टेकवलं, आणि बापूसाहेब म्हणाले, "थांबा जरा. मी चहा घेऊन येतो."

चहा त्यांनी आत्ताच घेतला होता. त्याच्या आधीही घेतला होता. समोरचा चहावाला त्या दिवशी भलताच खूश होता. दादू हा आमच्या वर्कशॉपचा मुख्य कारागीर. त्यानं पातं उचललं, कपाळावरचा घाम पुसला आणि मला म्हणाला, "डॉक्टर हाय, पेशंट हाय. नातेवाईकच सारखं भाईर पळतंय."

पेशंट म्हणजे एक लाल रंगाची, दोन सीटची, फायबरग्लासची मोटार. कोल्हापुरात तशी दुसरी नव्हती, आणि आता तीही राहणार नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी उद्यमनगरात माझं फायबरचं छोटं वर्कशॉप होतं. पाण्याच्या टाक्या, दुकानांच्या पाट्या, आणि सिनेमा स्टुडिओला लागणारे खोटे खांब न् खोटे दगड, असा आमचा माल. माझ्या एका दगडाखाली चिरडून नायकाच्या वडिलांनी प्राण सोडला होता. शॉट चालू असताना तो दगड वाऱ्यानं उडू नये म्हणून दादू मागून धरून बसला होता. अशा माणसांकडे बापूसाहेब आपली लाडकी गाडी घेऊन आले, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

ही किट कार होती. इंग्लंडमध्ये त्या काळी गाडी खोक्यांतून मिळायची. कंपनी फायबरची बॉडी आणि काही सुटे भाग द्यायची. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं एखाद्या जुन्या गाडीची काढून आपली आपण बसवायची. बापूसाहेब तिकडे नोकरीला असताना त्यांनी घरमालकिणीच्या परसातल्या शेडमध्ये ही गाडी स्वतःच्या हातांनी जोडली. वडील गेले, घरची फाउंड्री सांभाळायला त्यांना परत यावं लागलं. तेव्हा सगळं सामान विकून आले, पण गाडी बोटीनं आणली.

गाडी इतकी बुटकी की आत बसल्यावर रस्त्यावरच्या म्हशीशी नजरानजर व्हायची. बापूसाहेब मात्र धिप्पाड. फाउंड्रीत त्यांचा दरारा असा, की ते आले की भट्टीसुद्धा हळू आवाजात पेटते असं तिथले लोक म्हणायचे. पण सकाळी राजारामपुरीतून निघताना ते टोपी घालायचे, कापडी टप मागं टाकायचे, कारखान्याची वाट सोडून रंकाळ्याला एक फेरी मारायचे आणि शीळ घालत परत वळायचे. त्यांना शीळ घालताना पाहिलेला कामगार दुसऱ्याला सांगायचा आणि दुसरा विश्वास ठेवायचा नाही.

त्या वर्षी उतारावर उभ्या केलेल्या या गाडीवर उसानं भरलेली बैलगाडी मागं घसरत आली. माणसाला, बैलाला काही झालं नाही. मोटारीचा मागचा भाग मात्र फुटला.

पत्रा असता तर पोचा आला असता. फायबर पोचा घेत नाही, तडकतं. पण दुरुस्ती अवघड नसते. काचेच्या धाग्यांची गादीसारखी मॅट असते, ती तुटल्या जागी अंथरायची. तिच्यावर रेझिन ओतायचं. रेझिन म्हणजे दिसायला थेट काकवी. त्यात आधी थोडं हार्डनर घालायचं, दुधाला विरजण लावतात तसं. मग रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. थोड्या वेळात सगळं दगड होतं. वरून घासून रंग मारला की जोड कुठं आहे ते सापडत नाही. मी बापूसाहेबांना तेवढंच सांगितलं.

ते म्हणाले, "तुटलीच आहे तर मागं एक सीट बसवू. आणि वर पक्का टप."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण कहाणी घरातून आली होती. त्यांच्या आई नुकत्याच भाड्याच्या टॅक्सीनं जोतिबाला जाऊन आल्या होत्या. उतरता उतरता त्या म्हणाल्या, "दारात एवढी मोटार, आन् मला भाड्याच्या गाडीतनं जाया लागतंय." बस, एवढंच. त्या आत जाऊन पाय धुऊन झोपल्यासुद्धा. पण घरात ते वाक्य जागंच राहिलं. वहिनींनी, म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नींनी, ते मनाला लावून घेतलं, धाकट्या भावानं चारचौघांत बोलून दाखवलं, सातारच्या आत्यांनी पत्रातून विचारलं. घरची मोठी बाई बोलली म्हणजे तो हुकूम. आणि हुकमाचा अर्थ हुकूम देणाऱ्याला विचारायचा नसतो. गाडी तरी विका, नाहीतर घरादाराला बसता येईल अशी करा, असं ठरलं. बापूसाहेबांनी गाडी वाचवायचं ठरवलं.

म्हणून चहा.

ते चहा घेऊन परत आल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "अजून काही बिघडलं नाही. जशी होती तशी जोडून देतो."

त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. माझ्या वर्कशॉपच्या पाटीकडे पाहत म्हणाले, "आणि आईला काय सांगू?"

मग दादूला म्हणाले, "घाल करवत." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. फायबर कापताना बारीक, कोरडा, किरकिरा आवाज येतो. त्याची पांढरी भुकटी अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते. बापूसाहेब सगळं कापून होईपर्यंत तिथंच उभे होते. घरी गेल्यावर त्यांनी कितीदा आंघोळ केली असेल कोण जाणे.

पुढचं काम मात्र रंगलं. खोटं कशाला बोलू, मला तर नाटकाची तालीम चालल्यासारखं वाटत होतं. मागं सीट बसवायची म्हणजे लांबी वाढवायला हवी. चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, तो मधोमध कापून शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून वाढवून घेतला. पेट्रोलची टाकी खाली सरकवली, स्टेपनी टपावर गेली. दारं रुंद केली. टपासाठी लाकूड आणि प्लॅस्टरचा मोल्ड केला, अगदी स्टुडिओतल्या घुमटासारखा.

टपाची उंची किती ठेवायची हा प्रश्न आला. आईंना डोक्यावर पदर घेऊन ताठ बसता आलं पाहिजे, टप डोक्याला लागता कामा नये, असं वहिनींनी बजावलेलं. पण आईंना उद्यमनगरातल्या तेलकट शेडमध्ये बोलावणं कुणालाच बरं दिसेना. शेवटी चहावाल्याची सासू अंगापिंडानं तशीच आहे असं कळलं. तिला उघड्या चॅसीवर खुर्ची टाकून बसवलं आणि माप घेतलं. ती बाई राणीसारखी बसली होती. उतरताना दादूला म्हणाली, "फिरवून तर आणशील का न्हाई रं?"

ऐन टपाच्या वेळी पावसानं घेरलं. दमट हवेत रेझिन लवकर धरत नाही, चिकट राहतं. हार्डनर वाढवावं तर ते एकदम तापतं आणि तडे जातात. शेगडी पेटवायची सोय नव्हती, रेझिनचा वास म्हणजे आगीला आमंत्रण. मग मी स्टुडिओतल्या ओळखीनं शूटिंगचे दिवे आणले आणि चारी बाजूंनी लांबून टपावर सोडले. उद्यमनगरात शूटिंग आहे अशी हूल उठली. गल्ली भरली. एक पहिलवान आत डोकावून म्हणाला, "हिरोईन कुठाय?" दादूनं टपाकडे बोट दाखवलं. "ही काय. मेकप वाळतोय."

दसऱ्याला गाडी तयार झाली. पाच माणसं बसत होती, दारं नीट लागत होती, कुठंही जोड दिसत नव्हता. पूजा झाली, सगळं घर जोतिबाला जाऊन आलं. बापूसाहेबांनी मला पेढे दिले आणि म्हणाले, "काम चोख आहे." ते खरंच होतं. माझ्या हातून त्याच्याइतकं स्वच्छ काम क्वचितच झालं असेल.

फक्त ती आता लाल रंगाची कुठलीही गाडी दिसत होती. उंच, लांब, समंजस.

थंडीत वहिनींचा निरोप आला, दारातून मागच्या सीटवर वारा येतो. मी रबर बदलायला घरी गेलो. गाडी दारात होती, शेजारी ड्रायव्हर उभा. बापूसाहेब कधीच कारखान्यात गेले होते, कंपनीच्या जीपनं. आई पायरीवर शेंगा निवडत होत्या. मी दारापाशी उकिडवा बसलो तशा म्हणाल्या, "पावणं, तुमीच कापली व्हय ही?"

मी म्हटलं, "हो आजी. तुम्हाला बसता यावं म्हणून."

"मी कुठं कापा म्हटलं?"

मी जोतिबाच्या टॅक्सीची आठवण दिली.

"म्हटलं असंल की. म्हातारं माणूस हाय, बोलतंय." त्यांनी एक शेंग फोडून बघितली, पोचट निघाली, टाकून दिली. "टॅक्सीत काय वाईट हुतं? ऐसपैस हुती. ह्यात मला मळमळतंय." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सकाळी त्यो टोपी घालून त्यात बसायचा, तवा मी खिडकीतनं बघत असायची. धा वर्साचा दिसायचा. आता जीपमधनं जातोय. त्येच्या बा वानी दिसतोय."

मी नवं रबर दाराच्या खाचेत बसवू लागलो.

"परत हुईल का पयल्यासारखी?" त्यांनी विचारलं. "मी सांगते त्येला."

मी त्यांना समजावलं. तुमच्या फाउंड्रीत ओतकाम चुकलं तर लोखंड परत वितळवता येतं, साच्यात परत ओतता येतं. फायबरचं तसं नाही. एकदा धरलं की परत कधी पातळ होत नाही. कापलेला मागचा भाग भंगारवाल्यानंही नेला नव्हता, तो कचऱ्यात गेला. चॅसी वाढवलेली. नवी करता येईल, पण ती ही नसेल.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग त्येला सांगू नगासा, मी इचारलं म्हणून."

मी सांगितलं नाही. पुढं वर्षा-दोन वर्षांत गाडी बापूसाहेबांच्या धाकट्या भावाकडे गेली. तो तिला फार वापरायचा. टपावरून कुरुंदवाडची वांगी आणायचा.

त्यानंतर गिऱ्हाईक आलं की मी एक पद्धत पाळली. वस्तू ज्याच्यासाठी बदलायची, त्या माणसाशी आधी पाच मिनिटं बोलायचं. बऱ्याच जणांना ते आगाऊपणाचं वाटलं आणि काही कामं हातची गेली. करवत मात्र कमी चालली.