मोजक्या शब्दांची आँटी

आँटीला काही विचारलं, की ती लगेच उत्तर द्यायची नाही. आधी खिडकीबाहेर बघायची. ग्लासगोतल्या आमच्या कॅथलिक प्रायमरी शाळेत नवीन आलेल्या मुलांना वाटायचं, हिला ऐकू आलं नाही. मुलं पुन्हा विचारायची. मग आँटी हात वर करून म्हणायची, “ऐकलंय रे. प्रश्न चांगला आहे, म्हणून वेळ लागतोय.” वाचताना अडखळणारी मुलं तिच्याकडे पाठवली जात. घाई न करणारं मोठं माणूस त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटत असावं.

ती ऑस्ट्रेलियाची, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, नूंगार लोकांतली. स्कॉटिश नवऱ्याबरोबर इकडे आली आणि तो गेल्यावरही राहिली. त्यांच्यात मान असलेल्या वडीलधाऱ्या बाईला आँटी म्हणतात, म्हणून हेड टीचरपासून रिसेप्शनवरच्या मुलीपर्यंत सगळ्यांची ती आँटीच.

मी तिथे टीचर म्हणून लागले तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारलं, “तू कुठली?” आँटीनं विचारलं, “तुझी माणसं कोण?” आपल्याकडचे लोकही हे विचारतात, पण आडनावाआडून, आणि उत्तर ऐकलं की त्यांचा चेहरा किंचित बदलतो. मला त्याची सवय होती. तरी त्या दिवशी मी सांगत गेले. गावाबाहेरची आमची वस्ती, आजोबांनी घेतलेली बौद्ध धम्माची दीक्षा, नंतर पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली आजी. आँटीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “म्हणजे तुझ्या पाठीशी बरीच माणसं उभी आहेत. बरं झालं.”

शाळेत दरवर्षी तिच्या लोकांच्या संस्कृतीचा आठवडा ती करायची. पहिल्या वर्षी कुणीतरी सुचवलं, मुलांच्या चेहऱ्यावर तिकडच्या चित्रांतले ठिपके रंगवू या. आँटी म्हणाली, “ती चित्रं कुणाच्या तरी घरची आहेत. मी माझ्या घरचीसुद्धा विचारल्याशिवाय काढत नाही.” मग तिनं मुलांना गोल बसवून आपल्या लोकांच्या भूमीच्या गोष्टी सांगितल्या, आणि “काया” म्हणायला शिकवलं. काया म्हणजे नमस्कार. आठवडाभर सगळी शाळा एकमेकांना काया म्हणत फिरली. पुढे मुलं आपापल्या आजीकडून एकेक शब्द आणू लागली. कुणी आयरिश, कुणी पोलिश. माझ्या मुलीनं, इरानं, ‘भाकर’ हा शब्द नेला.

या कामासाठी तिला आमच्या भागातल्या कॅथलिक शाळांचं स्टाफ अवॉर्ड जाहीर झालं. हेड टीचर भला माणूस. संकोचत म्हणाले, “आँटी, पारंपरिक पोशाखात आलात तर छान वाटेल.”

“हा कार्डिगन पारंपरिकच आहे. माझी आईही हेच घालते.”

ती तोच घालून स्टेजवर गेली. बक्षीस घेतलं, माइकसमोर उभी राहिली आणि नेहमीसारखी गप्प झाली. लोक खुर्च्यांत चुळबुळ करू लागले. मग म्हणाली, “माझ्या आईला लहानपणी सरकारी माणसांनी घरातून उचलून नेलं आणि चर्चच्या मिशन शाळेत ठेवलं. स्वतःच्या भाषेत बोलली की मार मिळायचा. आज ती म्हणते, मी सगळं विसरले. त्याच चर्चच्या हातून तिच्या मुलीला त्याच भाषेबद्दल बक्षीस मिळतंय. मी ते घेते. मी अजून या चर्चमध्ये प्रार्थना करते. पण माझ्याजवळ मोजकेच शब्द आहेत, हे तुम्हाला ठाऊक असावं.”

कुणी टाळ्या वाजवेना. शेजारून इरा कुजबुजली, “आई, आँटीचा आवाज का हलली?” तिच्या मराठीतली चूक त्या दिवशी मी दुरुस्त केली नाही.

नंतर चहाच्या टेबलापाशी चर्चच्या एक वृद्ध सिस्टर, म्हणजे नन, काठी टेकत तिच्याजवळ आल्या. मी कप घेऊन तिथेच उभी होते. “मी स्कॉटलंडच्या बेटांवरची,” त्या म्हणाल्या. “आमची गेलिक भाषा बोलल्याबद्दल मला शाळेत छड्या बसल्या. पुढे मी टीचर झाले, आणि मीही मुलांना मारलं.” आँटीनं त्यांचा हात हातात घेतला. ‘जाऊ दे’, ‘माफ केलं’ असलं काही म्हटलं नाही. फक्त विचारलं, “अजून येते ती भाषा?”

सिस्टरनी डोळे मिटले आणि आईनं शिकवलेली गेलिकमधली प्रार्थना म्हटली. मध्ये अडल्या, मागे गेल्या, पुन्हा शेवटपर्यंत म्हटली. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

बसमध्ये आँटी माझ्याशेजारी बसली होती. अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाली, “लहानपणी ऐकलेलं जात नाही गं. आत कुठेतरी बसून राहतं. आई आहे तोवर मला घरी गेलं पाहिजे.”

ईस्टरच्या सुट्टीत ती ऑस्ट्रेलियाला परत गेली. मुलं रडली, मीही. तिच्याइतकं आपलं म्हणावं असं माणूस या शहरात मला नंतर भेटलं नाही.

तिकडे गावच्या लायब्ररीत म्हातारी माणसं भाषा शिकवतात, त्या वर्गाला ती जाऊ लागली. आई सोबत यायची, पण फक्त चहाला. कोपऱ्यात पाठ करून बसायची. कित्येक महिने असेच गेले. मग एका शनिवारी सकाळी आँटीचा व्हिडिओ कॉल आला. केस विस्कटलेले, डोळे लाल. मी घाबरलेच.

“आज वर्गात मी एक शब्द चुकीचा म्हटला,” ती म्हणाली, “आणि आई कोपऱ्यातून माझ्यावर ओरडली. आमच्या भाषेत! एक अख्खं वाक्य!”

“काय म्हणाली?”

“मला कुठे कळतंय!” आँटी हसत होती, रडत होती. “पण फार वाईट ओरडली गं. फारच वाईट.”