खिरापत ओळखा, साहेब

मुक्ताई आमच्याकडे पोळ्या करायला यायच्या. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी वर्ध्याहून वारज्यात आलेल्या. राहायला आमच्या सोसायटीमागच्या गल्लीत. तिथल्या नळाला पिवळं पाणी, तेही दिवसाआड. त्यांच्या नातीला, सृष्टीला, दोनदा कावीळ झाली. आमची सोसायटी बहुतेक आयटीवाल्यांची. आम्ही विकतचं पाणी प्यायचो आणि लोकशाहीवर ईमेल पाठवायचो. मी तर तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेलं. महापालिकेला अकरा पत्रं लिहिली. शुद्धलेखनाची एक चूक नाही. उत्तरही एक नाही.

नवरात्रात आमच्या नगरसेवकाने ‘भव्य भोंडला’ भरवला. या गृहस्थाला संस्कृतीचा भारी पुळका, विशेषतः निवडणूक तोंडावर आली की. पाटावर हत्ती, आणि हत्तीपेक्षा मोठा स्वतःचा फ्लेक्स. मुक्ताईंच्या गावाकडे भुलाबाईची गाणी म्हणतात, पण शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची रीत दोन्हीकडे तीच. गाणी संपली तशा त्या डबा घेऊन व्यासपीठाशी गेल्या.

“ओळखा साहेब.”

“करंजी?”

“नाही!” सगळ्या बायका ओरडल्या.

“श्रीखंड? साबुदाण्याची खिचडी?”

“नाही!”

साहेब हरले. मुक्ताईंनी झाकण काढलं. आत नळाचं पिवळं पाणी.

“घ्या. खिरापतीले नाही म्हनू नये जी.”

“आज उपास आहे हो, ताई.”

“पानी चालते उपासाले.”

दोनशे बायका खदखदून हसल्या. साहेबांनी ओठ ओले केल्याचं नाटक केलं आणि माइकवर नवी जलवाहिनी जाहीर करून टाकली.

ती आलीही, पण आमच्या फाटकापर्यंत. मागची गल्ली म्हणे दुसऱ्या टप्प्यात! आम्ही तातडीने त्याचा सत्कार केला. शाल मी घातली. निर्लज्जपणाला आमच्याकडे सकारात्मक दृष्टिकोन म्हणतात.

मुक्ताई मात्र पेटल्या. त्याच्याविरुद्ध एक शिक्षिका उभी होती. पोळ्यांची कामं उरकून तिच्या प्रचाराला दारोदार फिरल्या. मलाही म्हणाल्या, “सर, तुमच्या बिल्डिंगीत सांगाल ना?”

“सांगतो की,” मी म्हणालो. मनापासून म्हणालो, हेच वाईट.

तो एकशे बारा मतांनी निवडून आला. आमच्या सोसायटीत मतदार तीनशे चाळीस. मतदानाची सुट्टी रविवारला जोडून आली, म्हणून सगळे बस करून लोणावळ्याला गेले होते. मीही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मुक्ताई आमच्या नळाखाली कणकेसाठी भांडं धरून उभ्या होत्या. बोटावरची शाई अजून गेली नव्हती. मान वर न करता त्यांनी विचारलं, “लोनावळ्याचं पानी कसं होतं जी, सर?”